खांद्याकडे बघायचं

५ जानेवारी, रविवार

केतकी मॅडमनी सांगितलंय, क्लासला आलात की काय शिकलात आणि काय जमलं नाही ते घरी जाऊन लिहायचं. बाकीच्या पोरी मोबाईलवर लिहिणार. माझा मोबाईल गेला म्हणून कंपनीने दिवाळीला दिलेली डायरी काढली. बारावीनंतर पहिल्यांदाच एवढं लिहायला बसलेय, अक्षर पार बिघडलंय.

मोबाईल कसा गेला ते आधी लिहिते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. डिसेंबरात एक दिवस सायलीच्या कंपनीतली पाळी सुटली, नरोलीच्या नाक्यावर उतरले आणि रस्त्याच्या कडेने खोलीकडे चालले होते. मोबाईल हातात. मागून मोटारसायकल आली, मागे बसलेल्या पोराने हात घातला आणि गेले. मी तोंडावर आपटले, गुडघा फुटला. गाडी आवाजच न करता आली. नाक्यावरचा पानवाला मात्र सगळ्यांना सांगत होता, "सायलेन्सर काढेलुं हतुं बेन, आखा गामने संभळायुं!" म्हणे सायलेन्सर काढलेली गाडी होती, सगळ्या गावाला ऐकू गेली. काही लोकांना मीठमसाला लावल्याशिवाय बोलताच येत नाही.

तेव्हापासून मागून कोणी आलं की मी दचकते. कंपनीत लखनभाईंनी, म्हणजे आमच्या सुपरवायझरनी, मागून खांद्यावर हात ठेवला तर मी केवढ्याने ओरडले. सगळ्या बाया हसल्या. मला आतून रडू येत होतं.

सिल्वासात बायकांसाठी बॉक्सिंगचा फुकट क्लास निघालाय ही बातमी वाल्मिकनीच आणली. (घरात मी नवऱ्याला नावाने हाक मारत नाही, इथे लिहायला काय हरकत आहे?) ते नरोलीतच खोक्यांच्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात. म्हणाले, "जा. पडलीस तरी कसं पडायचं ते तरी शिकशील." मस्करी करत होते, पण मी गेले. काल पहिला दिवस होता. नुसतं पळवलं. आज जिना उतरताना मांड्या थरथरतायत.

७ जानेवारी

बॉक्सिंगच्या क्लासमध्ये बुक्की मारायला शिकवत नाहीत. पाय शिकवतात.

हॉलच्या फरशीवर मॅडमनी खडूने लांब रेघ मारलीय. एक पाय पुढे, एक मागे, मागच्या पायाची टाच जराशी उचललेली, गुडघे सैल. पुढे जायचं तर पुढचा पाय आधी, मागे जायचं तर मागचा आधी. उजवीकडे जायचं तर उजवा, डावीकडे डावा. पाय एकमेकांवरून न्यायचे नाहीत आणि एकमेकांना चिकटवायचे नाहीत. ऐकायला सोपं वाटतं. मी सारखी पायात पाय घालत होते.

केतकी मॅडम माझ्यापेक्षा लहान असतील. आई रत्नागिरीची, इथे शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे मॅडम सिल्वासातच वाढल्या. मराठी, गुजराती, हिंदी एकाच वाक्यात बोलतात. स्वभावाने चांगल्या आहेत, पण तोंडातल्या तोंडात बोलतात. आवाज बारीक. त्यांची पाठ वळली की काय सांगतायत ते कळत नाही, मग मी शेजारणीचं बघून करते. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये शिकवायचं तर आवाज चढवायला नको का?

१५ जानेवारी

काल उत्तरायण, क्लास नव्हता. चाळीच्या गच्चीवर सगळे पतंग उडवायला. दोन्ही बाजूंनी स्पीकर, "काय पो छे"चा नुसता गजर. सगळे एकमेकांच्या तोंडाशी येऊन ओरडून बोलत होते. मला फार मजा आली. खूप दिवसांनी सगळ्यांशी मनसोक्त गप्पा झाल्या. शेजारच्या भिमाबाई नंदुरबारकडच्या. मी पाळीला गेले की माझी लेक सोनी बालवाडीच्या वेळेपर्यंत त्यांच्याकडेच असते. त्या म्हणाल्या, "आज कशी हसी राहिनी तू! अशीच ऱ्हाय."

म्हणजे एरवी मी हसत नाही की काय?

२१ जानेवारी

आज गार्ड. दोन्ही मुठी गालाला, कोपरं फासळ्यांना, हनुवटी खाली. मग मॅडम पोहायला शिकणारी मुलं धरतात तसली फोमची लांब नळी घेऊन आल्या आणि एकेकीला फटके द्यायला लागल्या. लागत काहीच नाही. तरी सगळ्या डोळे मिटत होत्या. मीही मिटले. मॅडम म्हणाल्या, "डोळे मिटले की फटका चुकत नाही, फक्त दिसत नाही." त्या समोर उभ्या राहून बोलतात तेव्हा सगळं व्यवस्थित कळतं.

हाताकडे बघायचं नाही, असंही सांगितलं. हाताकडे बघितलं तर उशीर झालेला असतो. खांद्याकडे, छातीकडे बघायचं. फटका हातातून निघायच्या आधी खांद्यातून निघतो.

आणि मला ते जमलं! नळी उचलायच्या आधीच मला कळत होतं कुठून येणार. डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, एकदाही लागू दिलं नाही. मॅडम थांबल्या, "तू बघतेस छान गं. हे शिकवून येत नाही." माझी जोडीदार शीतल, नर्सिंगला आहे, तिला सगळे फटके बसले. ती म्हणाली, "तुझ्या डोळ्यांना कॅमेरा बसवलाय का?"

घरी येऊन वाल्मिकना सांगितलं. सोनीला फोमच्या ऐवजी लाटणं देऊन दाखवणार होते, ते नको म्हणाले.

३० जानेवारी

आज क्लासचं काही लिहीत नाही.

वाल्मिक पाळीवरून आले तेव्हा मी भाजी चिरत होते. दाराकडे माझी पाठ. थोड्या वेळाने भांडं आपटलं म्हणून वळले तर ते स्वतःच चहा ठेवत होते. म्हटलं, "सांगायचं ना." तर म्हणाले, "किती वेळा सांगू? तीनदा सांगितलं. तू ऐकून न ऐकल्यासारखं करतेस. जेव्हापासून तो क्लास लागलाय तेव्हापासून तुला माणूस दिसत नाही."

मी शपथेवर सांगते, त्यांनी एकदाही सांगितलं नाही. मनात म्हणाले असतील आणि वाटलं असेल तोंडाने म्हणालो. मीही बोलले मग. एवढंच होतं तर पाठवलंत कशाला, म्हटलं. ते जेवले नाहीत.

सोनीही हल्ली बदललीय. पूर्वी दिवसभर मम्मी मम्मी करायची, डोकं उठवायची. आता हाकच मारत नाही. काही हवं असलं की येऊन ओढणी ओढते, नाहीतर माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवते आणि मग बोलते. पाच वर्षांची झाली, शहाणी झाली असेल. पण मला तिची हाक हवीशी वाटते.

८ फेब्रुवारी, शनिवार

फार वाईट झालं.

आज पहिल्यांदा समोरासमोर. हलक्या हाताने, हेडगार्ड घालून, मी आणि शीतल. मॅडमनी भिंतीवर घड्याळ लावलंय, फेरी संपली की ते वाजतं. सुरुवात इतकी छान झाली. पाय मी चालवतच नव्हते, ते आपोआप सरकत होते. शीतलचा खांदा हलला की मी बाजूला. ती दमली. मग तिने हात खाली सोडले. मला वाटलं, आता हीच वेळ, आणि मी सरळ जॅब मारला. तोंडावर. तिचा ओठ फुटला, रक्त आलं.

शीतल ओरडत होती. मॅडम मध्ये आल्या, मला मागे ढकललं. फेरी संपली होती म्हणे. घड्याळ वाजलं म्हणे. मी म्हटलं, वाजलं नाही. सगळ्या पोरी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी खोटारडी आहे. मॅडम म्हणाल्या, "दुर्गा, वाजल्यानंतर हात उचलणं म्हणजे खेळ नाही, मारामारी आहे. मला असली मुलगी इथे नको."

पण ते वाजलं नाही. मी कशाला खोटं बोलू?

शीतलला सॉरी म्हणायला गेले तर ती बॅग उचलून निघून गेली.

११ फेब्रुवारी

गेले नाही. वाल्मिकनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

आमच्या चाळीचे संडास मागे, ओळीने. सोनी गेली. मी तिथेच बाहेर मटार सोलत बसले होते, चार पावलांवर, पाठ संडासाकडे. आतली कडी अडकली. पोर आतून ओरडत होती, दार बडवत होती. मी मटार सोलत होते. भिमाबाई गच्चीवरून धावत खाली आल्या, काठीने कडी उचकटली, सोनीला बाहेर काढलं. तिचा चेहरा निळा पडल्यासारखा, रडून रडून श्वास घेता येत नव्हता.

"तुले ऐकू येत नही का वं?" भिमाबाई माझ्या अंगावर आल्या. "पोर कवयनी आराया मारी राहिनी, आख्खी चाळ गोळा झाली! बहिरी शे का तू?"

पोर केव्हाची किंचाळतेय म्हणे, आणि हे सगळ्यांसमोर. मीही तोंडाला येईल ते बोलले. बहिरी कोणाला म्हणता, म्हटलं. दिवसभर मशीनवर उभी राहून येते, जरा बसले तर डोकं सुन्न होतं माणसाचं.

 वाल्मिक सोनीला मांडीवर घेऊन बसून राहिले. मी जवळ गेले तर म्हणाले, "तुझं लक्ष असतं कुठे दुर्गा?" रागाने नाही. घाबरून म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या क्लासने माझं डोकं फिरवलंय. बाकी काही नाही. मंगळवारी जाऊन हाताच्या पट्ट्या परत करून येते.

१८ फेब्रुवारी

पट्ट्या धुऊन, घडी करून नेल्या. शीतल आली होती, ओठावर अजून खूण होती. मी मॅडमना म्हटलं, माझं लक्ष राहत नाही, घरी पण नाही आणि इथे पण नाही, मी सोडते. संडासाचंही सांगितलं. सांगताना रडले.

मॅडमनी पट्ट्या घेतल्या नाहीत. म्हणाल्या, "जायच्या आधी एकदा पाय दाखव. रेघेवर उभी राहा. मी सांगेन तिकडे सरक."

समोर उभ्या राहून त्या सांगत गेल्या. डावीकडे, मागे, पुढे, उजवीकडे, उजवीकडे. एकही चुकलं नाही. मग म्हणाल्या, "आता भिंतीकडे तोंड कर."

भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. गुडघे सैल, मुठी गालाला. वाट बघत राहिले. मॅडम काही बोलतच नव्हत्या. कंटाळून मागे वळले तर मॅडमचे डोळे भरलेले आणि शीतल माझ्यापासून हाताच्या अंतरावर. ती कधी आली?

"परत," मॅडम म्हणाल्या. या वेळी मी त्यांच्याकडेच तोंड करून होते, पण त्यांनी सरावाचं पॅड तोंडासमोर धरलं. मला पॅड दिसत होतं. पुन्हा काही नाही. मी म्हटलं, "मॅडम, सांगा ना."

शीतल म्हणाली, "मॅडम, हिला ऐकू येत नाही."

मला इतका राग आला! "येतं मला ऐकू! आत्ता तू बोललीस ते ऐकलं की."

शीतल अगदी माझ्यासमोर आली. "ऐकलं नाहीस तू. बघितलंस. मी आवाज काढलाच नाही, नुसते ओठ हलवले."

पट्ट्या तिथेच टाकून आले. रिक्षात बसल्यावर कळलं की चपला न घालताच आलेय.

१९ फेब्रुवारी

खोटं आहे. मशीनचा आवाज मला येतो. ट्रकचा येतो. लखनभाईंचा येतो, वाल्मिकचा येतो, समोर असले की. भिमाबाईंचा त्या दिवशी आला. बहिऱ्या माणसाला काहीच ऐकू येत नाही, मला येतं.

संध्याकाळी सोनीला म्हटलं, चल खेळ खेळू. मी भिंतीकडे तोंड करते, तू मला हाक मार, मी ओळखेन कुठे आहेस. ती हसली नाही. म्हणाली, "नको. तू हरतेस."

"एकदा तर खेळ."

मी तोंड फिरवलं. थांबले. किती थांबले माहीत नाही. मग ओढणी ओढली गेली. वळले, तर ती माझी हनुवटी धरून अगदी समजावल्यासारखं म्हणाली, "मम्मी, मी मागून बोलवत नाही तुला. तू मागून बंद असतेस."

पाच वर्षांच्या पोरीला कळलं. तिने कोणाला सांगितलंही नाही, तक्रार केली नाही. समोर यायला शिकली.

२० फेब्रुवारी

वाल्मिकना सांगितलं. कसं सांगायचं ते कळत नव्हतं, म्हणून शेगडी बंद केली, समोर बसले आणि म्हटलं, "तुम्ही तीनदा चहा मागितलात ते खरं असेल. मला आलं नाही ऐकू."

आधी ते समजलेच नाहीत. मग हळूहळू एकेक बोलायला लागले. म्हणजे त्या दिवशी मी बाहेरून हाका मारत होतो तेव्हा? म्हणजे फोनवर माझ्या आईशी तू नीट बोलत नव्हतीस तेव्हा? म्हणजे ती मोटारसायकल? प्रत्येक वेळी मी मान हलवली. मोटारसायकलचं तर माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. पानवाल्याला मी उगाच खोटा ठरवत होते.

ते म्हणाले, "मी आईला सांगितलं होतं की दुर्गा आता माझं ऐकत नाही." आणि हसले, आणि हसता हसता तोंड फिरवून रडायला लागले. मग काहीतरी आठवल्यासारखं परत माझ्याकडे वळले. रडतच, पण माझ्याकडे तोंड करून.

१ मार्च

सरकारी दवाखान्यात तपासलं. काचेच्या लहान खोलीत बसवतात, कानावर मोठे डबे लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी मन लावून ऐकत होते. बाहेरची सिस्टर हात हलवत राहिली, तिला बटण दाबायला सांगायचं होतं. मला वाटलं यंत्र अजून सुरूच झालं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, काम काय? म्हटलं धाग्याच्या कंपनीत, पीळ देणाऱ्या मशिनांवर, सहा वर्षं. कानात काही घालता? नाही. सुरुवातीला कानात घंटा वाजल्यासारखं व्हायचं? हो, पहिल्या वर्षी, डोकं दुखायचं, मग सवय झाली. ते म्हणाले, सवय झाली नाही, कान गेले. मोठे, जाड आवाज येतात, पण पाळीवरून आल्यावर काही तास तेही नीट येत नाहीत. बारीक आवाज गेलेत, दोन्ही कानांतले. बायकांचे, मुलांचे आवाज, शिट्ट्या, घड्याळाची घंटी. ते परत येणार नाहीत. पण अजून त्या मशिनांपाशी उभ्या राहिलात तर राहिलेलेही जातील. कानाचं यंत्र मिळेल, त्याने बरंच सोपं जाईल.

मी बॉक्सिंगचं विचारलं. विचारायला लाज वाटत होती. डॉक्टर चकित झाले. म्हणाले, कान पूर्ण झाकणारं हेडगार्ड घाला, जोराचा मार टाळा, मग चालेल.

वाल्मिक बाहेर आल्यावर म्हणाले, "मार टाळायला तर तू आधीच शिकलीस."

शीतलला भेटायला तिच्या होस्टेलला गेलो. मी माफी मागितली. ती म्हणाली, "मी तीन वर्षं नर्सिंग शिकतेय आणि मला कळलं नाही. ओठ फुटला ते बरंच झालं." पट्ट्या तिच्याकडेच होत्या.

६ मार्च

मी लखनभाईंकडे खातं बदलून मागायला जाणार होते, पॅकिंगमध्ये. पण आज जेवणाच्या सुट्टीत काहीतरी वेगळंच झालं.

आमच्या खात्यातल्या बाया शेडच्या मागे ओट्यावर ओळीने बसतात. मी हात धुऊन येत होते, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे. काय मनात आलं कोण जाणे, मॅडमसारख्या बारीक आवाजात, जास्त न ओरडता, हाक मारली, "चहा आला गं!"

कोणी वळलं नाही.

फक्त टोकाला बसलेली पॅकिंगमधली नवी पोरगी वळली. "कुठे आला?" म्हणाली.

पुन्हा मारली. मंजुषा आठ वर्षं आहे इथे, माझ्यापेक्षा जुनी. तिच्या अगदी पाठीशी जाऊन मारली. ती डबा खात राहिली.  आम्ही सगळ्या इतकी वर्षं एकमेकींशी तोंडासमोर येऊन, हातवारे करून बोलतोय आणि प्रत्येकीला वाटतंय की मशिनांमुळे असं बोलावं लागतं. मशिनं तर ओट्यावर नव्हती.

७ मार्च

लखनभाईंना दवाखान्याचा कागद दाखवला. त्यांनी बघितला आणि मोठ्याने म्हणाले, "अरे बेन, आवाज तर असतोच. कान सगळ्यांचेच जातात. कोणी खातं बदललं का?"

पूर्वीची मी असते तर मागे सरले असते. नाहीतर अंगावर धावून गेले असते, भिमाबाईंवर गेले तशी. आज मला पाय जाणवले. मागे नाही, पुढेही नाही. जराशी बाजूला सरकून, त्यांच्या टेबलाच्या कडेला उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "लखनभाई, तुमचे पण गेलेत का?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. खूप दिवसांपासून बघत असावेत, मीच कधी लक्ष दिलं नव्हतं. ओठांकडे, बारकाईने, मी बघते तसे.

त्यांनी कागद पुन्हा बघितला. मग म्हणाले, "नात झालीय मला. घरी म्हणतात, आजोबांना तिचा आवाज आवडत नाही, ती रडली तरी बघत नाहीत." आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. म्हणाले, "उद्या सगळ्यांना घेऊन ये. मॅनेजरकडे मी येतो बरोबर."

२० मार्च

मॅनेजर वाईट बोलले नाहीत, चांगलंही बोलले नाहीत. कानात घालायचे फोमचे बोळे आता पाळीच्या सुरुवातीला मिळतात. कपाटात पडूनच होते म्हणे, पाहणीला कोणी आलं की काढायचे. सगळ्यांची तपासणी करायची कबूल केलंय. मला सोमवारपासून पॅकिंग.

सगळ्याच बाया खूश नाहीत. मंजुषा माझ्याशी बोलत नाही. "तुझ्यामुळे कंपनी आम्हाला बहिऱ्या म्हणून काढेल," म्हणाली. ती म्हणते तसं झालं तर?  तरी तिच्या समोर जाऊन बसले, डबा उघडला, गप्प जेवले. ती उठून गेली नाही.

२७ मार्च

परत सराव. कानात यंत्र आहे, पण रिंगमध्ये काढून ठेवते. मॅडमनी सगळ्यांसाठीच नवी रीत केलीय, फेरी संपली की त्या लाल टॉवेल वर करतात. आधी त्यांनी माझी माफी मागितली, सगळ्या पोरींसमोर. मला अवघडल्यासारखं झालं.

आज कोपऱ्यात अडकल्यावर बाहेर कसं पडायचं ते शिकलो. मागे मागे जायचं नाही, पाठीला दोरी लागते. पुढच्या पायावर फिरायचं आणि बाजूने निघायचं, म्हणजे समोरची बाई रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून राहते. माझ्याने होत नाही अजून. दहातून एकदा. मॅडम म्हणाल्या, डोळे चांगले आहेत म्हणून पायांनी आळस करायचा नाही.

१३ एप्रिल, रविवार

वापीच्या क्लासच्या मुली आल्या होत्या, मैत्रीचे सामने. मॅडमनी माझं नाव घातलं. मी नको म्हणाले होते. शीतल ओळखीची, तिचा खांदा मला पाठ झालाय. अनोळखी मुलीचं काय बघणार?

हॉल भरलेला. यंत्र काढून वाल्मिकच्या हातात दिलं तसा सगळा गलका एकदम लांब गेला, पाण्याखाली गेल्यासारखा. पंचांना मॅडमनी सांगून ठेवलं होतं, फेरी संपली की खांद्याला हात लावा.

ती मुलगी माझ्यापेक्षा उंच, हात लांब. पहिल्या फेरीत मला काहीच वाचता येईना. तिचा खांदा हलायचा आणि फटका यायचाच नाही, आणि हलायचा नाही तेव्हा यायचा. नाकावर बसला. डोळ्यांत पाणी आलं, पण डोळे उघडे ठेवले. पंचांनी खांद्याला हात लावला. कोपऱ्यात शीतल अगदी माझ्या तोंडासमोर आली आणि म्हणाली, "तिचा खांदा खोटा आहे. तिचा पुढचा गुडघा बघ."

दुसऱ्या फेरीत गुडघा बघितला. खरंच, मारायच्या आधी तो जरासा वाकायचा. मग मी झुकले आणि तिचा हात माझ्या कानावरून नुसता वारा देऊन गेला. पुन्हा झुकले. पुन्हा वारा. ती चिडली, मला ढकलत कोपऱ्यात नेलं, पाठीला दोरी लागली. आता संपलं असं वाटलं. पण पाय फिरला. मी नाही फिरवला, तो फिरला, आणि मी बाजूने बाहेर पडले, आणि ती रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून उभी. एक जॅब मारला. हलकाच. बसला.

तिसऱ्या फेरीत दम गेला. तिने मारले ते जास्त होते. पंचांनी आम्हा दोघींचे हात धरले आणि तिचा हात वर केला. ती मला मिठी मारून काहीतरी म्हणाली, माझ्या खांद्यावर तोंड ठेवून, त्यामुळे कळलं नाही. मी पाठीवर थोपटलं.

हरले. वाईट वाटलं, लिहूनच टाकते. मला जिंकायचं होतं.

मग वर बघितलं. सगळे टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारत असतील, तोंडं उघडी होती. पार मागच्या भिंतीपाशी वाल्मिक उभे होते, सोनीला खांद्यावर घेऊन. त्यांच्या शेजारचा माणूस त्यांना काहीतरी विचारत होता, पण ते त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, इतरांसारखे ओरडले नाहीत, हात हलवला नाही. नुसते ओठ हलवले. आधी म्हणाले, "भारी."

आणि मग अजून एक वाक्य म्हणाले. लग्नाला सात वर्षं झाली, ते असलं कधी बोलले नव्हते. शेजारच्या माणसालाही ते ऐकू गेलं नाही. त्यांच्या खांद्यावरच्या सोनीलाही नाही. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ते फक्त मला कळलं, आणि मी ते इथे लिहिणार नाही.